‘दत्तक मुलानेच…’

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका मराठी न्यूज वेबसाईटच्या डेस्कवर रात्रपाळीला होते. साडेअकराच्या सुमारास एका तालुक्याच्या वार्ताहराची कॉपी आली. घरात म्हातारी आई मृतावस्थेत सापडली, मुलगा ताब्यात, पैशांवरून वाद झाल्याचा पोलिसांचा प्राथमिक अंदाज. अशा बातम्या आठवड्याला दोन-तीन तरी येतात. वाईट वाटून घ्यायला वेळ नसतो, कारण मागे पुढची कॉपी उभी असते. वार्ताहराने हेडिंग दिलं होतं, ‘मुलाकडून आईचा खून’. सपक. तिसऱ्या परिच्छेदात गावकऱ्यांच्या हवाल्याने एक ओळ होती, की या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं आणि हा मुलगा त्यांनी लहानपणी दत्तक घेतला होता.

मी तो शब्द तिसऱ्या परिच्छेदातून उचलला आणि हेडलाईनमध्ये नेऊन ठेवला. ‘दत्तक मुलानेच…’ आणि पुढे तीन टिंबं. मग पुश नोटिफिकेशन. सकाळपर्यंत ती त्या दिवसाची सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी झाली होती आणि इन-चार्जने ग्रुपवर अंगठा टाकला होता.

मी स्वतः दत्तक आहे. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं.

तो शब्द मी का उचलला, याचं उत्तर फार खोल नाही. तो चालतो म्हणून. डेस्कवर सहा महिने काढले की कुठला शब्द चालतो हे बोटांना कळायला लागतं, डोक्याला विचारावं लागत नाही. पण का चालतो, हा प्रश्न मला त्या सकाळी लोकलमध्ये पहिल्यांदा पडला, आणि अजून पुरता सुटलेला नाही.

मराठी हेडलाईनची एक खोड आहे. मुलाने आईबापाला मारलं तर ती नुसतं ‘मुलाने’ म्हणून क्वचितच थांबते. ‘पोटच्या पोराने’, ‘जन्मदात्या बापाला’, ‘सख्ख्या भावाचा’. नातं रक्ताचं आहे हे आपण मुद्दाम ठोकून सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या तोंडून ‘अरेरे, असं कसं केलं असेल?’ निघावं. आता त्याच जागी ‘दत्तक’ ठेवून बघा. ‘असं कसं’ जातं आणि ‘तरीच’ येतं. ‘पोटच्या’ लिहिलं की वाचकाला कोडं पडतं, ‘दत्तक’ लिहिलं की सुटतं. दोन्ही बातम्यांत खून तोच, कारणही बहुतेक वेळा तेच: दारू, जमीन, पैसा, नाहीतर कुणी वेळेवर दवाखान्यात न नेलेला आजार. पण दुसऱ्या बातमीत वाचक कारणापर्यंत जातच नाही. त्याला ते हेडलाईनमध्येच मिळालेलं असतं.

आणि गंमत म्हणजे आपण, म्हणजे लिहिणारे, यात कुठेही खोटं बोललेलो नसतो. मुलगा दत्तक आहे, असं आपण म्हटलं. दत्तक आहे म्हणून त्याने मारलं, असं कुठे म्हटलंय? तो ‘म्हणून’ वाचक स्वतःच्या खिशातून घालतो.

त्यानंतर येतात पांग. ‘असे फेडले पांग’ हे मी किती बातम्यांत वाचलंय. पोटच्या मुलाबद्दलही कधीकधी लिहितात, नाही असं नाही. पण दत्तक मुलाच्या बातमीत ते असतंच असतं. सोबत ‘मायेने वाढवलं’, ‘काही कमी पडू दिलं नाही’, ‘रस्त्यावरून उचलून घरात आणलं’. (रस्त्यावरून कुणी उचलून आणत नाही. त्याला संस्था, कागद, न्यायालय किंवा जिल्हाधिकारी असं सगळं लागतं. ते पुढे येईलच.) पोटच्या मुलाला दोन वेळ जेवायला घातलं तर त्याला उपकार म्हणत नाहीत. आमच्या बाबतीत वरण-भातसुद्धा उपकाराच्या खात्यात जातो, आणि एक दिवस ते खातं पेपरात छापून येतं.

आमच्या मिरजेच्या घरी पेपर सकाळी साडेसहाला यायचा आणि बाबा तो आधी वाचायचे. वीज मंडळातून रिटायर होईपर्यंत आणि नंतरही. मधूनच एखाद्या दिवशी आतलं पान गायब असायचं. मी शाळेत असताना विचारलं तर म्हणायचे, ‘फळीवर घालायला घेतलं.’ आमच्या स्वयंपाकघरात फळ्यांवर पेपर घालायची पद्धत होती, त्यामुळे मला ते पटायचं. फळीवर दर वेळी नेमकं गुन्ह्यांच्या बातम्यांचंच पान का लागतं, असा प्रश्न मला कधी पडला नाही. नववीत असताना एका मैत्रिणीने मधल्या सुट्टीत विचारलं, ‘ते वाचलंस का, त्या दत्तक मुलीने आणि तिच्या मित्राने…’ तिला माझं माहीत होतं. तिने वाईट हेतूने विचारलं नव्हतं, तिला खरंच वाटलं होतं की हा माझ्या जवळचा विषय आहे. घरी येऊन मी पेपर शोधला. आतलं पान नव्हतं. फळ्यांवरही नव्हतं.

मी दत्तक आहे हे मला कळतं वय आल्यापासून माहीत आहे. आई-बाबांनी ते गोष्टीसारखं सांगितलं, पुण्याची संस्था, लाल स्वेटर, परतीच्या गाडीत मी अख्खा वेळ झोपले होते वगैरे. त्या गोष्टीत भीती कुठेच नव्हती. भीती बाहेरून आली. समोरच्या काकू आईला म्हणायच्या, ‘जपा हो वहिनी, हल्ली पेपरात काय काय येतं.’ आईने एकदाच उत्तर दिलं होतं, ‘पेपरात तर सुना पण जाळतात हो.’ काकूंची सून तेव्हा नवी होती. दोन महिने बोलणं बंद होतं, मग गणपतीत सुरू झालं.

शाळेच्या इतिहासात मात्र हा शब्द चांगलाच ऐटीत यायचा. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. झाशीच्या राणीचा दामोदर तर प्रत्येक चित्रात पाठीला बांधलेला. आम्हा मिरजेच्या पोरांना शाहू महाराज म्हणजे घरचेच. ते दत्तक होते म्हणून त्यांनी अमुक केलं, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. वारस हवा असतो तेव्हा दत्तक हा मानाचा शब्द असतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्या बाजूने आहे. माझं दत्तकविधान १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली झालं. त्या कायद्यात म्हटलंय की दत्तक घेतल्याच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी दत्तक आई-वडिलांचंच समजायचं. आता संस्थांमधली दत्तकं २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली होतात आणि त्याची भाषा तर आणखी स्पष्ट आहे: मूल जणू त्या आई-वडिलांच्या पोटी जन्माला आलंय. म्हणजे कायद्याने मी पोटचीच. आधी हे हुकूम न्यायालयातून निघत, २०२१ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. हुकमावर सही झाली की जन्मदाखल्यावरही दत्तक आई-वडिलांचीच नावं लागतात. ‘दत्तक’ हा शब्द त्या दिवशी सरकारदरबारी संपतो. पेपरच्या दरबारी तो आयुष्यभर चालू राहतो, आणि पन्नास वर्षांच्या माणसालाही ‘दत्तक मुलगा’च म्हणतात.

त्या लोकलमधल्या सकाळनंतर मी आकडे शोधत सुटले. मला सिद्ध करायचं होतं, की आम्ही काही जास्त गुन्हे करत नाही. एनसीआरबीचा वार्षिक अहवाल उघडला. त्यात विधिसंघर्षग्रस्त बालकांची म्हणजे अठरा वर्षांखालच्या आरोपींची कौटुंबिक पार्श्वभूमी दिलेली असते आणि तिचे रकाने तीनच: आई-वडिलांसोबत राहणारी, पालकासोबत राहणारी, बेघर. दरवर्षी बहुसंख्य मुलं पहिल्या रकान्यात असतात. दत्तकांचा रकाना नाही. दत्तक मूल असलंच तर तेही आई-वडिलांच्याच रकान्यात जाणार. सरकारी तक्त्याने मला न विचारता कुटुंबात घेतलं होतं, याचं त्या रात्री जरा हसू आलं. पण मग आपल्याकडे हा समज कुठल्या आकड्यावर उभा आहे? तर आकड्यावर नाही, हेडलाईनवर. देशभरात केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत वर्षाला साधारण चार हजार मुलं दत्तक जातात. त्यांच्यातली जी मोठी होऊन बँकेत लागतात, ईएमआय भरतात, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून आणतात, त्यांची बातमी होत नाही. व्हायचं कारणही नाही. फक्त एका प्रसंगी होते.

आकडे बाहेरच्या देशांत सापडले आणि ते मला हवे तसे नव्हते. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनचा एक मोठा अभ्यास आला होता. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांमध्ये मानसिक आजार, आत्महत्या आणि गुन्हे यांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त दिसलं, असं त्यात आहे. स्वीडनने भारतातूनही बरीच मुलं दत्तक नेली आहेत. हे वाचून मी लॅपटॉप मिटवून ठेवला होता. दोन दिवसांनी पुन्हा उघडला आणि नीट वाचलं. त्यातल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नव्हतं. आणि ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्यासाठी या अभ्यासाचा अर्थ ‘यांना मदत लवकर मिळायला हवी’ असा होता. हे मी लपवत नाही, कारण लपवलं तर मीही पान काढून ठेवल्यासारखंच होईल.

दुसरा अभ्यास डेन्मार्कचा, १९८४ सालचा, ‘सायन्स’मधला. तिकडे १९२४ ते १९४७ या काळातल्या चौदा हजारांहून जास्त दत्तकांची नोंद होती. ती कोर्टाच्या शिक्षांशी जुळवून बघितली, गुन्हेगारी रक्तातून येते की घरातून हे शोधायला. माझ्यासारखी माणसं या कामाला फार सोयीची असतात, रक्त एकीकडे आणि घर दुसरीकडे. ज्या मुलांच्या कुठल्याच आई-वडिलांना शिक्षा झालेली नव्हती, त्यांच्यात शंभरातल्या साडेतेरांना शिक्षा झाली होती. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल तर शंभरातल्या वीसांना. म्हणजे फरक आहे. पण त्या ‘वाईट रक्ता’च्या शंभरांतली ऐंशी मुलं सरळ आयुष्य जगली. आणि तो फरक चोरी वगैरे मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसेच्या गुन्ह्यांत नाही. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी खुनाच्या बातमीखाली तरी ते म्हणू नये, एवढंच मी त्यातून घेतलं.

याच सुमारास एका सुट्टीच्या दिवशी मी ‘व्हाईट हाऊस फार्म’ ही ब्रिटिश मालिका बघितली. खऱ्या प्रकरणावरची आहे. ७ ऑगस्ट १९८५ च्या पहाटे इंग्लंडमधल्या इसेक्समध्ये एका शेतावरच्या घरात पाच माणसं गोळ्या लागून मेलेली सापडली. नेव्हिल आणि जून बँबर हे वयस्कर नवराबायको, त्यांची मुलगी शीला आणि तिची सहा वर्षांची जुळी मुलं. शीलावर मानसिक आजाराचे उपचार झाले होते आणि बंदूक तिच्या अंगावर होती. पोलिसांनी सुरुवातीला धरलं की तिनेच सगळ्यांना मारून स्वतःला संपवलं. पेपरांना कथाही मिळाली: देखणी, मॉडेलिंग केलेली, बिघडलेली मुलगी. मग काही आठवड्यांनी संशय उलटला. तिचा भाऊ जेरेमी, ज्याने स्वतःच पोलिसांना फोन केला होता, त्याला अटक झाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी त्याला दोषी ठरवलं. तो अजून तुरुंगात आहे आणि अजूनही मी निर्दोष आहे म्हणतो.

शीला आणि जेरेमी दोघंही दत्तक होते. नेव्हिल आणि जूनला स्वतःचं मूल नव्हतं. मी ते प्रकरण पुढे बरंच वाचलं आणि एका गोष्टीपाशी अडकत राहिले. आधी जिच्यावर संशय होता ती दत्तक, नंतर ज्याच्यावर आला तोही दत्तक. आरोपी बदलला तरी स्पष्टीकरण बदलायची गरज नव्हती. आणि शीला बळी ठरल्यावर तिचं दत्तक असणं कशाचंच स्पष्टीकरण राहिलं नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलेली ती दोघं. एकाने मारलं आणि एक मेली, असं कोर्टाने सांगितलं. मग दत्तक असण्याने नक्की काय होतं?

अमेरिकेत याला एक नावही मिळालं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९७६-७७ साली सहा जणांना मारणारा डेव्हिड बर्कोविट्झ तान्हेपणी दत्तक गेलेला होता, आणि सीरियल किलरच्या प्रत्येक यादीत त्याचं नाव या तपशिलासकट येतं. पुढे डेव्हिड कर्शनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ‘अडॉप्टेड चाईल्ड सिंड्रोम’ मांडला आणि तो कोर्टात बचावासाठी वापरलाही गेला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत असा कुठलाही आजार नाही. तरी ते नाव टिकलं. मला ते मांडणाऱ्यावर फार राग येत नाही. तो आरोपी मुलांना वाचवू बघत होता. पण एका मुलाच्या बचावासाठी कोर्टात वापरलेला शब्द बाकीच्या लाखोंना चिकटतो, त्याचं काय करायचं?

दत्तक असणं बातमीत कधीच लिहू नये, असं मी म्हणत नाही. वारसाचा वाद असेल, दत्तकाच्या नावाखाली मुलं विकली गेली असतील, तर लिहायलाच हवं. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये तीन वर्षांची मुलगी मारली गेली, तिला वर्षभरापूर्वी बिहारमधल्या संस्थेतून दत्तक नेलेलं होतं. तिथे तो शब्द काढला असता तर मुलगी त्या घरात कशी पोचली, कुणी तपासणी केली, हे प्रश्नच पुसले गेले असते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनशैलीच्या पुस्तकात याबद्दल साधा नियम आहे: बातमीशी संबंध स्पष्ट होत असेल तरच लिहा. आपल्याकडे आरोपीची जात विनाकारण लिहू नये हे प्रेस कौन्सिलने सांगून ठेवलंय आणि नव्या पोरांना आम्ही पहिल्याच आठवड्यात ते सांगतो. दत्तकाबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही पुढे कुणाला सांगितलं नव्हतं.

तर, त्या बातमीचं पुढे काय झालं. चार दिवसांनी फॉलोअपसाठी मी वार्ताहराला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘दादा, दत्तक म्हणजे, कागद झालाय का?’ तो म्हणाला, ‘कागद कसला मॅडम. बाईच्या बहिणीचा मुलगा तो. बहीण वारली म्हणून यांनी सांभाळला. गावात दत्तकच म्हणतात.’

दत्तकविधान नाही, देण्याघेण्याचा विधी नाही, काही नाही. मावशीने सांभाळलेला मुलगा. तो ज्यांचा होता त्यांच्याच रक्ताचा होता.

मी इन-चार्जशी बोलले. माझ्याबद्दलही तेव्हाच सांगितलं, नाहीतर एवढी का मागे लागलेय हे त्यांना कळलं नसतं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘अगं, मग तेव्हाच नाही का सांगायचं?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हेडलाईन बदलली. ‘आईच्या खूनप्रकरणी मुलगा अटकेत’. सपक. पण बातमीच्या लिंकमध्ये जुनेच शब्द राहतात, ते आमच्या सिस्टिममध्ये बदलता येत नाहीत. आजही शोधलं तर लिंकमध्ये ‘दत्तक-मुलानेच’ दिसतं, आणि ज्यांनी त्या रात्री फॉरवर्ड केलं त्यांच्या फोनमध्ये तर ते आहेच.

आता डेस्कवर अशी कॉपी आली की मी वार्ताहराला फोन लावते. ‘दत्तक कशावरून? आणि असला तर काय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहसा मिळतं. दुसऱ्यावर बहुतेक जण म्हणतात, ‘तुमचं तुम्ही बघा मॅडम, मी फक्त पाठवलं.’ इतर साईट्सवर तोवर तो शब्द चढलेला असतो आणि आमची बातमी मागे पडते. मला याचा दर वेळी त्रास होतो. खोटं कशाला बोलू, क्लिक कमी पडल्याचाही होतो.

बाबा आमच्या साईटचे सगळ्यात निष्ठावंत वाचक. सकाळी उठल्यावर पाच-सहा लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात, वर ‘आमच्या कन्येचं पोर्टल’ असं लिहून. त्या सकाळी त्यांनी एकही लिंक टाकली नव्हती. माझ्या ते लक्षात आलं होतं. दुपारी फोन आला तेव्हा फक्त ‘जेवलीस का’ विचारलं होतं.

या दिवाळीत घरी होते. फराळ झाल्यावर बाबा ओट्यावर मोबाईल घेऊन बसले होते, चष्मा कपाळावर. मी विचारलं, ‘बाबा, लहानपणी तुम्ही पेपरचं पान काढून ठेवायचात ना?’

‘हो.’

‘काय करायचात त्याचं?’

‘ऑफिसात नेऊन टाकायचो.’ मग जरा वेळाने म्हणाले, ‘पेपरचं बरं होतं. मोबाईलमधलं पान कसं काढणार?’

मी म्हटलं, ‘ती तीन वर्षांपूर्वीची बातमी. दत्तक मुलानेच. ती हेडलाईन…’

‘माहितीये,’ ते म्हणाले. ‘तुझी नाईट होती ना त्या दिवशी.’